गव्हाण आणि रिकामी कबर : नाताळचा ख्रिस्ती अर्थ आणि सार्वकालिक जीवनाची आशा

ख्रिस्ती धर्मविचारात नाताळ हा एका थोर पुरुषाच्या जयंतीपुरता मर्यादित सण नाही. मृत्यूविषयी ख्रिस्ती मंडळी जो दावा करते त्या दाव्याचा तो पूर्वार्ध आहे. पंचवीस डिसेंबरला बेथलेहेमच्या गव्हाणीत, म्हणजे जनावरांना चारा घालण्याच्या जागेत, ठेवलेल्या बालकाचे जे स्मरण होते, त्याला इस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाचा आधार नसेल, तर ते स्मरण कौटुंबिक आनंदाच्या पलीकडे जात नाही, आणि ख्रिस्ती परंपरेने त्यावर जो भार टाकला आहे तो पेलण्याची ताकद त्यात उरत नाही. सार्वकालिक जीवन, म्हणजे मृत्यूने न संपणारे आणि देवाच्या सहवासात जगले जाणारे जीवन, ही या दोन्ही सणांना जोडणारी कल्पना होय. मराठी वाचकाला तारे, आकाशकंदील, केक आणि गाणी यांच्याद्वारे नाताळ परिचित असतो. पण या कल्पनेशी त्याची गाठ क्वचितच पडते. तिचा आढावा रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या तालुक्यांच्या परिसरातून घेतला तर विषय अधिक स्पष्ट होतो, कारण मृत्यू, देह आणि देव यांच्याविषयी वेगवेगळी उत्तरे देणाऱ्या परंपरा या छोट्या मुलखात शतकानुशतके शेजारी शेजारी नांदल्या आहेत.

रोहा शहरावरून वाहणारी कुंडलिका नदी पश्चिमेला रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी उत्तर तीरावर रेवदंडा आणि दक्षिणेला कोर्लई ही गावे आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी चौल-रेवदंडा येथे तटबंदीचे शहर वसवले आणि डोमिनिकन, फ्रान्सिस्कन, ऑगस्टीनियन व जेझुइट या चारही संन्यस्त संघांची प्रार्थनामंदिरे तेथे उभी राहिली. त्यांचे भग्नावशेष आज नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये दिसतात. १७४० मध्ये चौल मराठ्यांच्या ताब्यात गेले आणि पोर्तुगीज सत्ता निघून गेली, परंतु कोर्लईतील ख्रिस्ती वस्ती मात्र राहिली. तेथील लोक पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संयोगातून घडलेली एक स्वतंत्र बोली अजून घरात बोलतात, आणि त्या बोलीचा भाषाशास्त्रीय अभ्यास क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सविस्तर केला आहे. राज्य गेल्यावरही श्रद्धा टिकली, एवढ्या एका गोष्टीवरून या वस्तीचा धर्म केवळ सत्तेच्या सावलीचा होता हे म्हणणे अपुरे ठरते. तीनशे वर्षांच्या आसपास आपले मृत पुनरुत्थानाच्या आशेने जमिनीत ठेवणाऱ्या समाजाला त्या आशेचा काहीतरी आधार वाटला असलाच पाहिजे.

त्याच पट्ट्यात ख्रिस्ती वस्तीपेक्षाही जुनी परंपरा सांगणारा बेने इस्रायल हा मराठीभाषक ज्यू समाज राहत आला. अलिबागजवळच्या नवगाव येथे आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते 'शनिवार तेली' या नावाने ओळखले जात, आणि पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर अशा आडनावांवरून ते ज्या गावांत पसरले त्या गावांचा नकाशाच डोळ्यांपुढे येतो. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली, तरी पेण, अलिबाग आणि रेवदंडा येथील सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरांच्या, वास्तू या इतिहासाची साक्ष देतात. या समाजाचा उल्लेख येथे अनुषंगाने केलेला नाही. नाताळचा अर्थ ज्या अपेक्षेतून जन्मला ती मूळची ज्यूंची अपेक्षा होय, आणि कोकणातील या समाजाने ती स्वतःच्या पद्धतीने जपली. मलिदा या त्यांच्या विधीत गूळ-खोबरे घातलेले पोहे आणि फळे मांडून एलियाहू हन्नवी या संदेष्ट्याचे स्मरण केले जाते. अलिबागजवळच्या सागाव परिसरातील एका खडकावर त्याच्या रथाच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. हिब्रू शास्त्रानुसार हा एलिया मरण न पावता अग्निरथातून स्वर्गात गेला, त्याआधी त्याने एका विधवेच्या मेलेल्या मुलाला जिवंत केले, आणि ज्यू परंपरेनुसार मशीहाच्या, म्हणजे देवाने अभिषिक्त केलेल्या तारणाऱ्याच्या, आगमनापूर्वी तो परत येईल. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, जन्माची कथा सुरू होते ती नेमकी येथूनच, कारण त्याआधी जन्मणारा बाप्तिस्मा करणारा योहान एलियाच्या सामर्थ्याने येईल, असे देवदूत त्याच्या वृद्ध पित्याला सांगतो.

मृतांच्या पुनरुत्थानाची कल्पना ज्यू धर्मातही आरंभापासून पूर्ण रूपात नव्हती. जुन्या ग्रंथांत मृतांचे ठिकाण म्हणजे अधोलोक, जेथे स्तुती नाही आणि स्मरणही नाही. धुळीत झोपलेले जागे होतील, हे विधान निःसंदिग्धपणे येते ते दानीएलच्या ग्रंथात, ज्याचा काळ बहुतेक अभ्यासक इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातील ज्यूंच्या छळाशी जोडतात. धर्मासाठी मेलेल्या निष्पापांचे काय, या प्रश्नातून ही आशा बळावली, हे लक्षात घेण्याजोगे आहे, कारण तिचा उगम मृत्यूच्या भयापेक्षा न्यायाच्या भुकेत अधिक आहे. येशूच्या काळी ज्यूंमधील परूशी पंथाचे लोक पुनरुत्थान मानत आणि सदूकी पंथाचे लोक ते नाकारत. पुढे रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, परंपरेत परूशांचे मत रूढ झाले आणि मृतांना उठवणाऱ्या देवाची स्तुती ज्यूंच्या रोजच्या प्रार्थनेत स्थिरावली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी कोकणात मराठी शाळा काढल्या, जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले, आणि बेने इस्रायल मुलांनी या शिक्षणाचा भरपूर लाभ घेतला. परंतु बहुतेक सर्व ज्यूच राहिले. शास्त्र तेच, पुनरुत्थानाची आशा तीच, मात्र मशीहा येऊन गेला की यायचा आहे यावर ज्यू आणि ख्रिस्ती यांचे मार्ग वेगळे झाले. नाताळ म्हणजे या प्रश्नाला दिलेले ख्रिस्ती उत्तर होय.

हे उत्तर कसे घडले याचा विचार करताना शुभवर्तमानांच्या कालक्रमाकडे पाहावे लागते. नव्या करारातील, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागातील, सर्वांत जुने लेखन म्हणजे पौल या प्रेषिताची पत्रे, जी इसवी सन ५० च्या सुमारास आणि त्यानंतर लिहिली गेली; त्यांत येशूच्या जन्माविषयी तो स्त्रीपासून जन्मला आणि दाविदाच्या वंशातला होता यापलीकडे जवळजवळ काहीच नाही, परंतु करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय संपूर्ण पुनरुत्थानाला वाहिलेला आहे, आणि ख्रिस्त उठला नसेल तर विश्वास व्यर्थ आहे हे पौल तेथे आडपडदा न ठेवता मांडतो. त्यानंतरच्या मार्काच्या शुभवर्तमानातही जन्मकथा नाही. ती येते मत्तय आणि लूक यांच्यात, आणि दोघांची मांडणी वेगळी आहे : मत्तयाकडे पूर्वेकडचे ज्ञानी, तारा, हेरोद राजाचा संहार आणि मिसरला पलायन, तर लूककडे खानेसुमारी, गव्हाण आणि रात्री कळप राखणारे मेंढपाळ. योहान जन्मकथा सांगतच नाही. तो अनादी शब्दापासून आरंभ करतो आणि तो शब्द देह झाला असे सांगतो. रेमंड ब्राउन या कॅथलिक अभ्यासकाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बृहद्ग्रंथात दाखवल्याप्रमाणे या जन्मकथा शुभवर्तमानांची प्रस्तावना असल्या तरी त्या पुनरुत्थानाच्या श्रद्धेच्या उजेडात लिहिल्या गेल्या आहेत. कोणी याचा अर्थ त्या कथा नंतर रचल्या असा घेतील. पण मंडळीने आधी येशूच्या पुनरुत्थानाची खूण असलेली रिकामी कबर पाहिली आणि मग गव्हाणीकडे वळून पाहिले, एवढे निश्चित म्हणता येते, आणि नाताळचा अर्थ लावण्याची दिशाही तीच असली पाहिजे.

तारखेचा वाद त्यामानाने गौण आहे. शुभवर्तमानांत दिवस दिलेला नाही; रोममध्ये पंचवीस डिसेंबरचा सण ३३६ पर्यंत पाळला जात होता, हे ३५४ मध्ये तयार झालेल्या एका रोमन पंचांगावरून कळते. ऑरेलियन बादशहाने २७४ मध्ये प्रतिष्ठा दिलेल्या अजिंक्य सूर्याच्या उत्सवाची जागा या सणाने घेतली, असे एक मत आहे, तर येशूचा गर्भसंभव आणि मृत्यू दोन्ही पंचवीस मार्चला झाले या प्राचीन समजुतीवरून नऊ महिने मोजून ही तारीख काढली, असे दुसरे. दुसरे मत खरे असल्यास तारखेच्या गणितातही जन्म आणि मृत्यू एकत्र बांधले गेले होते, ही गोष्ट या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. आर्मेनियन मंडळी आजही जन्मोत्सव सहा जानेवारीला पाळते.

खरा वाद होता तो जन्मलेला कोण, याविषयी. ३२५ मध्ये निकिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरवले, ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडल्या जाणाऱ्या विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत निवेदनात, मृतांचे पुनरुत्थान आणि येणाऱ्या युगाचे जीवन यांची वाट पाहणे हे शेवटचे कलम झाले, आणि ४५१ मध्ये खाल्किदोन येथे ख्रिस्तात पूर्ण देवत्व व पूर्ण मानवत्व मिसळून न जाता एकत्र आहेत, अशी व्याख्या झाली. अलेक्झांड्रियाचा अथनासियस याने देहधारणावरील आपल्या ग्रंथात यामागचे कारण सांगितले आहे. मनुष्य मर्त्य झाला तो जीवनाच्या मूळ स्रोतापासून तुटल्यामुळे. बाहेरून दिलेल्या क्षमेने अपराध मिटला असता, पण देहात शिरलेला क्षय गेला नसता. म्हणून स्वतः जीवनालाच मरणाधीन देहात यावे लागले. या विचारानुसार सार्वकालिक जीवनाचा आरंभ पुनरुत्थानाच्याही आधी, गव्हाणीतच होतो, कारण मृत्यूवरचा उपाय त्या क्षणी मृत्यूच्या घरात शिरलेला असतो.

मराठी वाचकाला देहधारणाची, म्हणजे देवाने मानवी देह स्वीकारण्याची, कल्पना अवताराच्या कल्पनेशी जोडावीशी वाटणे स्वाभाविक आहे, आणि अनेक ख्रिस्ती लेखकांनीही तो आधार घेतला. तरी दोहोंत अंतर आहे. पेणच्या कारखान्यांत वर्षभर घडणारी गणेशमूर्ती चतुर्थीला प्राणप्रतिष्ठेने पूज्य होते, देव घरी पाहुणा येतो, आणि विसर्जनाच्या वेळी पुढच्या वर्षी लवकर येण्याचे निमंत्रण घेऊन जातो. माती मातीला मिळते आणि देव देवपणाने उरतो. या रीतीत क्षणिक रूपातून अरूपाला भेटण्याचे खोल शहाणपण आहे. ख्रिस्ती श्रद्धा मात्र म्हणते की देवाने एकदा घेतलेल्या देहाचे विसर्जन झाले नाही. तो देह जन्मला, थकला, खिळला गेला, पुरला गेला, आणि जखमांच्या खुणांसह उठला, आणि स्वर्गारोहणानंतरही ख्रिस्त मनुष्यच आहे. अवतार युगायुगांत पुनःपुन्हा होतात. देहधारण एकदाच आणि कायमचे. मानवी देहाला देवाच्या जीवनात कायमची जागा मिळाली, या दाव्यातच इतर माणसांच्या देहाविषयीच्या आशेचा पाया आहे.

येथून सार्वकालिक जीवनाविषयीच्या आधुनिक चर्चेकडे येता येते. आत्मा स्वभावतःच अमर आहे आणि मृत्यूने तो देहाच्या तुरुंगातून सुटतो, ही ग्रीक तत्त्वज्ञानातून आलेली समजूत कित्येक शतके ख्रिस्ती मनातही घर करून राहिली. धर्मशास्त्रज्ञ ऑस्कर कुलमान यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात तिच्यावर थेट आघात केला : सॉक्रेटिस शांतपणे विष घेतो, येशू गेथशेमाने बागेत व्याकूळ होतो, कारण पहिल्याच्या दृष्टीने मृत्यू मित्र आहे आणि दुसऱ्याच्या दृष्टीने देवाचा शत्रू. त्याआधी १९३५ मध्ये सी. एच. डॉड यांनी देवाचे राज्य येशूच्या कार्यात आलेलेच आहे यावर भर दिला होता, आणि १९४१ मध्ये रुडॉल्फ बुल्टमान यांनी पुनरुत्थानादी कथांचा अर्थ माणसाच्या अंतरंगातील निर्णयाच्या भाषेत लावावा असे सुचवले. युर्गेन मोल्टमान यांच्या १९६४ च्या ग्रंथाने आशा ही ख्रिस्ती विचाराच्या परिशिष्टातून काढून केंद्रस्थानी आणली, आणि एन. टी. राइट यांनी २००३ च्या विस्तृत अभ्यासात पहिल्या शतकात पुनरुत्थान या संकल्पनेचा अर्थ देहासहित नवे जीवन असाच होता, हे पुराव्यांनिशी मांडले. या सर्वांत बुल्टमान यांची वाट सर्वांत कमी फलदायी ठरली असे म्हणावे लागते, कारण न्यायासाठी मेलेल्यांना जिवंतांच्या अंतरंगातील बदलाने काहीच मिळत नाही, आणि दानीएलच्या काळापासूनचा मूळ प्रश्न तसाच राहतो. डॉड यांचे म्हणणे मात्र टाळता येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात देवाला ओळखणे हेच सार्वकालिक जीवन असे सांगितले आहे, आणि ते विश्वास ठेवणाऱ्याला आताच लाभते. आत्ताच आरंभ झालेले, पण देहाच्या पुनरुत्थानाने पूर्ण होणारे जीवन, अशी ही दुहेरी रचना आहे.

ही रचना ज्या भूमीत मांडायची, तेथील विचार दुसऱ्या टोकाचा आहे. पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेले विनोबा भावे आणि रोह्यात १९२० मध्ये जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले, या दोघांच्या कार्याचा कणा गीता हाच होता. गीतेत देह जीर्ण वस्त्राप्रमाणे टाकला जातो आणि देही अविनाशी राहतो. विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये दिलेल्या प्रवचनांत हे सूत्र स्वधर्माशी जोडून उलगडले आहे. त्याच विनोबांनी नव्या करारातील निवडक वचनांचा 'ख्रिस्तधर्म-सार' हा संग्रह सिद्ध केला, हे मराठी वाचकांना फारसे आठवत नाही. ख्रिस्ती शास्त्राकडे आदराने पाहून त्याचे सार काढण्याचे हे काम मोलाचे आहे. मात्र सार काढण्याच्या पद्धतीचीच एक मर्यादा आहे. उपदेश वेचता येतो, घटना वेचता येत नाही, आणि ख्रिस्ती श्रद्धा शेवटी एका घटनेवर उभी आहे. आठवले यांना १९९७ मध्ये, सर जॉन टेम्पलटन या प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती गृहस्थांनी स्थापलेले टेम्पलटन पारितोषिक मिळाले. प्रत्येकाच्या हृदयात वसणाऱ्या देवाच्या जाणिवेतून कोळी-आगरी वस्त्यांत त्यांनी उभे केलेले काम त्यामागे होते. देव प्रत्येकात आहे ही जाणीव आणि देव एका देहात आला ही वार्ता यांत विरोध नाही, पण त्या एकच नव्हेत, आणि दोघांचा आदर राखायचा असेल तर हा भेद पुसून चालत नाही.

मराठी ख्रिस्ती साहित्याने हा भेद सांभाळण्याचे वेगवेगळे प्रयत्न केले. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये गोव्यात प्रसिद्ध केलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत, आणि त्यातील पहिले पुराण पूर्णपणे सृष्टीची उत्पत्ती, मानवाचे पतन आणि संदेष्ट्यांची दीर्घ प्रतीक्षा यांना दिले आहे. नाताळचा अर्थ कळण्यासाठी ही रचना अत्यंत योग्य आहे, कारण काय बिघडले होते हे ठाऊक नसेल तर बालकाच्या येण्याने काय सुधारले हे कळण्याचा मार्ग नाही. उत्तर कोकणातील मराठीत फ्रान्सिस्को वाझ दि गिमराईंश यांचे १६५९ चे पुराण येशूच्या दुःखसहनावर आणि मृत्यूवर केंद्रित आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या वाटेने ख्रिस्ताकडे पाहिले आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले. हा पूल वाटतो त्याहून भक्कम आहे. तुकाराम मोक्षाऐवजी भक्तीसाठी पुन्हा जन्म मागतात, म्हणजे विलय होण्यापेक्षा प्रेमाचे नाते टिकावे, दोघे दोघेच राहावेत, ही त्यांची मागणी आहे, आणि सार्वकालिक जीवनाच्या ख्रिस्ती कल्पनेतही व्यक्ती देवात विरघळत नाही, देवापुढे उभी राहते. १९१९ मध्ये टिळक वारले तेव्हा येशूच्या चरित्रावरचे त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले, आणि पतीच्या मृत्यूनंतर येशूचे पुढचे चरित्र ओवीत गुंफणाऱ्या विधवेच्या हातून त्या काव्याचा मोठा भाग लिहिला गेला, ही वस्तुस्थिती या आशेवरच्या कुठल्याही भाष्याहून अधिक वजनदार आहे. मूळ हिब्रू व ग्रीकवरून पंडिता रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या १९२२ मधील निधनानंतर १९२४ मध्ये छापून आले. आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. या परंपरेत येशूच्या जन्मावरचे आणि वधस्तंभावरचे लेखन विपुल आहे. पुनरुत्थित देह आणि नवी पृथ्वी यांच्यावरचे लेखन मात्र तुलनेने विरळ आहे, आणि ही उणीव भरून निघणे आवश्यक आहे.

मंडळ्यांमधील मतभेदांपैकी दोन येथे महत्त्वाचे. मृत्यू आणि शेवटचे पुनरुत्थान यांच्या मधल्या काळात मृतांची स्थिती काय, याविषयी कॅथलिक शिकवणूक शुद्धीकरणाची अवस्था मानते आणि दोन नोव्हेंबरला सर्व मृतांसाठी प्रार्थना करते, तर टिळकांची मंडळी ज्या प्रॉटेस्टंट परंपरेतली होती तिने मृतांना देवाच्या हाती सोपवून ही प्रार्थना बाजूला ठेवली. दुसरा प्रश्न महाराष्ट्रात अधिक जवळचा आहे. येथील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांचे आजे-पणजे हिंदू होते, टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या बाप्तिस्म्यांमध्येही पाच वर्षांचे अंतर होते, आणि कोर्लई-रेवदंड्याच्या ख्रिस्ती माणसाचे शेजारी बेने इस्रायल, आगरी, कोळी आणि मुसलमान राहिले आहेत. मग सार्वकालिक जीवनाची आशा कोणासाठी? कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ च्या मंडळीविषयक दस्तऐवजात, ज्यांना स्वतःच्या दोषाविना ख्रिस्ताची वार्ता कळली नाही पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात त्यांनाही तारण मिळू शकते असे स्पष्ट केले, आणि ज्यू लोकांना दिलेली वचने देवाने मागे घेतलेली नाहीत याचीही तेथे नोंद केली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत यावर एकमत नाही. काहींना व्यक्त विश्वास अनिवार्य वाटतो, तर काही हा निर्णय देवावर सोपवतात. लूकच्या कथेत देवदूत ही वार्ता सर्व लोकांच्या आनंदाची म्हणून सांगतो आणि ती प्रथम ऐकतात ते गावकुसाबाहेर रात्र काढणारे मेंढपाळ. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर शोधताना आशेची कक्षा आखडण्यापेक्षा ती विस्तारण्याच्या बाजूने जन्मकथेची साक्ष अधिक पडते.